बेडरूमसाठी टीव्ही घेताय? आधी पलंगावर आडवे व्हा, मग दुकानात जा

नवीन घर झालं किंवा आईबाबांच्या खोलीत वेगळा टीव्ही लावायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास तोच, ३२ घेऊ का ४३? मग दुकानात गेलं की तिथला माणूस म्हणतो सर आजकाल ५५ च्या खाली कोणी घेतच नाही, आणि इथूनच गडबड सुरू होते. हॉलमध्ये आपण बसून बघतो, उजेडात बघतो, चारपाच जण मिळून बघतो. बेडरूममध्ये आडवं पडून, लाइट घालवून, शेजारी कोणीतरी झोपलेलं असताना आवाज बारीक करून बघतो. दुकानात मात्र टीव्ही लावलेला असतो ढीगभर लाइटच्या उजेडात, ब्राइटनेस फुल, रंग भडक, आणि वर पोपट नि फुलांचे डेमो व्हिडिओ. त्यामुळे दुकानात जो सगळ्यात भारी दिसतो तोच रात्री साडेअकराला बेडरूममध्ये भारी वाटेल असं अजिबात नाही. माझं सांगणं एवढंच आहे की निवड पलंगावरून करायची, काउंटरवरून नाही, आणि ती कशी करायची ते खाली लिहितोय. पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी आहे, साधारण ३२ ते ५० इंचांतल्या टीव्हीबद्दल, आणि उदाहरणाला आपली नेहमीची फ्लॅटमधली १० बाय ११ ची बेडरूम धरतो.

पायरी १ : टेप काढा

टीव्हीचे इंच म्हणजे स्क्रीनचं एका कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं माप, रुंदी नाही. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग कपाट आणि खिडकीच्या मधल्या जागेत टीव्ही बसतच नाही. ३२ इंची स्क्रीन साधारण ७१ सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच. ४३ ची ९५ बाय ५४, म्हणजे तीन फुटांच्या थोडी वर रुंद आणि पावणेदोन फूट उंच. ५० ची १११ बाय ६२. वर कडांचा एखादा सेंमी धरा. टेबलवर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर पण बघा, हल्ली दोन टोकांना दोन पाय असतात आणि ४३ चे पाय छोट्या टेबलच्या बाहेर जातात.

आता अंतर. भिंत ते भिंत मोजू नका, डोळा ते स्क्रीन मोजा. १० फुटांच्या खोलीत पलंगाचा हेडबोर्ड तीनचार इंच खातो, उशीला टेकून बसलात की डोकं अजून फूटभर पुढे येतं, आणि समोर टीव्ही ब्रॅकेटमुळे भिंतीपासून तीनचार इंच पुढे असतो. उरतात साधारण ८ फूट. समोर वॉर्डरोब असेल आणि त्याच्याच मधल्या खणात टीव्ही बसवायचा असेल तर दोन फूट अजून गेले, म्हणजे सहा.

ढोबळ हिशोब असा की स्क्रीनच्या तिरक्या मापाच्या दीडपट ते अडीचपट अंतर चालतं. ४३ साठी ते साडेपाच ते नऊ फूट येतं, ३२ साठी चार ते पावणेसात, ५० साठी सव्वासहा ते साडेदहा. म्हणजे ८ फुटांवर ४३ अगदी आरामात बसतो, ५० पण बसतो, आणि हिशोबाने ५५ सुद्धा बसतो, पण अंधाऱ्या छोट्या खोलीत एवढी मोठी उजळ स्क्रीन झोपायच्या आधी डोळ्यांवर येते असं माझं मत आहे. सिनेमे आणि सिरीजच बघायच्या असतील तर ५०, नाहीतर ४३. आणि ८ फुटांवर ३२ घेऊ नका, विशेष करून आईबाबांसाठी, सबटायटल आणि बातम्यांच्या खालची पट्टी वाचताना त्यांना पुढे वाकून बसावं लागतं आणि ते कधी सांगत पण नाहीत. ३२ कधी घ्यायचा तर अंतर सहा फुटांच्या आत असेल तेव्हा.

मोजूनही अंदाज येत नसेल तर रद्दीतले पेपर जोडून ९५ बाय ५४ चा आयत कापा, समोरच्या भिंतीवर सेलोटेपने चिकटवा आणि एक रात्र तसाच राहू द्या. पलंगावरून बघितलं की लगेच कळतं मोठा होतोय का छोटा, कपाटाचं दार उघडताना अडतंय का, पंख्याचा लाइट त्यावर पडतोय का.

पायरी २ : उंची आणि भिंत

हॉलमध्ये स्क्रीनचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या रेषेत ठेवायचा असतो. बेडरूममध्ये तसं नाही, दोन उशा घेऊन रेललेल्या माणसाची नजर आपोआप थोडी वर जाते. म्हणून एक करा, तुम्ही रोज जसे पडता तसे पलंगावर पडा, मान अजिबात ताणू नका, आणि घरातल्या कोणाला तरी समोरच्या भिंतीवर हात फिरवायला सांगा. नजर जिथे सहज टेकते तिथे पेन्सिलने खूण करा, तो स्क्रीनचा मध्य. बहुतेक घरांत ही खूण जमिनीपासून चार ते साडेचार फुटांवर येते. इंस्टॉलेशनवाला मुलगा आला की त्याला सवय असते हॉलची किंवा मग उगाच सहा फुटांवर एसीच्या जवळ लावायची, तर त्याला खूण दाखवा आणि मागे हटू नका, महिन्याभरात मान धरते ती याच उंचीमुळे. जरा वर लावावाच लागला तर खाली झुकणारा ब्रॅकेट घ्या. कुशीवर झोपून बघायची सवय असेल किंवा खोलीत खुर्ची-टेबल पण असेल तर हात बाहेर येणारा, फिरणारा ब्रॅकेट घ्या, थोडा महाग पडतो पण पैसे वसूल होतात. ब्रॅकेट घेताना टीव्हीच्या मागची चार भोकं कुठल्या मापाची ते बघा, ४३ ला बहुतेक वेळा २०० बाय २०० मिमी असतं, छोट्याला १०० बाय १०० पण असू शकतं. टीव्हीबरोबर फुकट येतो तो ब्रॅकेट बहुतेक वेळा सरळ, न झुकणारा असतो हे आधीच विचारून ठेवा.

भिंतीकडे पण बघा. मुंबईत, कोकणात बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, जिथे रंगाचे पोपडे निघतात तिथे टीव्ही लावू नका, मागे हवा खेळत नाही आणि बोर्डवर गंज चढतो. दुसरं, नवीन बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा विटांच्या नसतात, हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात. माझ्या मावशीच्या नवीन फ्लॅटमध्ये फिटिंगवाल्याने साधे प्लास्टिकचे गिट्टे ठोकून फिरणारा ब्रॅकेट लावला, आणि टीव्ही पुढे ओढला की वरचे दोन स्क्रू भिंतीतून पिठासारखी पूड सांडत बाहेर यायला लागले. बाहेर ओढलेल्या हातामुळे वरच्या स्क्रूवर वजन कितीतरी जास्त येतं, सरळ ब्रॅकेटला तेवढं येत नाही. मग मोठे, ब्लॉकसाठीचेच फास्टनर आणून आणि मागे प्लायची पट्टी देऊन परत बसवला. त्यामुळे भिंत टकटक करून, बिल्डरला किंवा सोसायटीतल्या सुताराला विचारून आधी माहिती घ्या.

इंटिरियरचं काम चालूच असेल तर टीव्हीच्या मागेच तीन प्लगचा बोर्ड करून घ्या आणि वायरसाठी दोन इंची पाइप भिंतीत टाका, नेहमीच्या बारीक पाइपच्या वळणातून एचडीएमआयचं डोकं जात नाही.

पायरी ३ : पॅनेल, जे कोणी सांगत नाही

बेडरूमसाठी सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. दुकानात एलईडी, क्यूएलईडी, यूएचडी अशी नावं ऐकू येतात, पण क्यूएलईडी म्हणजे पण एलसीडीच, मागून एलईडीचा उजेड आणि मध्ये रंग सुधारणारा क्वांटम डॉटचा थर. विचारायचं ते हे, की पॅनेल (म्हणजे चित्र दाखवणारी काच) आयपीएस आहे का व्हीए, एलसीडीचे हे दोन मुख्य प्रकार.

एलसीडीत मागचा उजेड चालूच असतो आणि काळा रंग दाखवायचा म्हणजे पुढच्या थराने तो उजेड अडवायचा. आयपीएस तो पूर्ण अडवत नाही, त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण हजारास एक, व्हीएचा तीन ते पाच हजारांस एक. दिवसा हे कळतही नाही. रात्री लाइट घालवून अंधारातला सीन लागला, समजा पावसाळी रात्र आणि कंदील घेऊन चाललेला माणूस, तर आयपीएसवर ती रात्र राखाडी दिसते आणि सिनेमाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या धुरकट चमकत राहतात. व्हीएवर तेच छान गडद दिसतं. पण व्हीए समोरूनच बघावा लागतो, बराच बाजूला सरकलात की रंग फिके पडतात.

आता पलंगाचा विचार करा. टीव्ही पायथ्याशी बरोबर समोर असेल तर दोघंजण बघत असलात तरी प्रत्येक जण मध्यापासून फार तर दीड फूट बाजूला, आणि ८ फुटांवर हा कोन जेमतेम १०-११ अंश होतो. तेवढ्यात व्हीएला काही होत नाही, म्हणून अशा खोलीत सरळ व्हीए घ्या. टीव्ही कोपऱ्यात किंवा पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर येणार असेल, किंवा मुलं खाली गादी टाकून बघणार असतील तर आयपीएस बरा.

अडचण ही की कंपन्या बॉक्सवर हे लिहीत नाहीत, आणि एकाच सिरीजमध्ये ४३ ला एक पॅनेल आणि ५० ला दुसरं असं पण असतं, त्यामुळे ५५ चा रिव्ह्यू बघून ४३ घेऊ नका. दुकानात स्वतः तपासा. मोबाईलवरून एखादी अंधारातल्या सीनची क्लिप पेनड्राइव्हवर घालून न्या, सेल्समनला सांगा मोड मूव्ही किंवा सिनेमा करा आणि बॅकलाइट पाव करा, मग जवळच्या टीव्हीशी तुलना करा. त्यानंतर बाजूला चालत जा आणि चेहऱ्याचा रंग कुठे उडतो ते बघा. दुकान रिकामं असेल तेव्हा जा, मंगळवार-बुधवार दुपारी, शनिवारी संध्याकाळी कोणी तुम्हाला रिमोट हातात देणार नाही.

ओएलईडी ही वेगळीच गोष्ट. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो, त्यामुळे काळं म्हणजे खरंच काळं, आणि बाजूनेही रंग टिकतात. बेडरूमसाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही. ४२ इंचांपासून मिळतो पण किंमत साध्या ४३ च्या कित्येक पट. परवडत असेल आणि सिनेमाचं वेड असेल तर जरूर घ्या. घरात दिवसभर न्यूज चॅनेल चालू असेल तर नको, एकाच जागी तासनतास राहणाऱ्या लोगोची खूण कायमची उमटू शकते.

पायरी ४ : फोर-के हवंच का

थोडक्यात. एचडी रेडी, फुल एचडी आणि फोर-के (यूएचडी म्हणजे हेच) ही नावं स्क्रीनवर किती ठिपके आहेत ते सांगतात, चढत्या क्रमाने. ३२ इंचांत एचडी रेडी चालतं, फुल एचडी मिळालं तर उत्तम. ४३ ला ८ फुटांवरून फुल एचडी आणि फोर-के यातला फरक डोळ्याला फारसा कळत नाही, पण आता ४३ मध्ये चांगली मॉडेलं फोर-केचीच येतात, तर तेच घेतलं जातं. मात्र फक्त फोर-के लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. साधी एसडी (एचडी नसलेली) चॅनेल मोठ्या स्क्रीनवर पुसट दिसतात, त्यात टीव्हीचा दोष नसतो, म्हणून झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी रोज बघणार असाल तर त्यांची एचडी चॅनेल पॅकमध्ये घ्या. नेटफ्लिक्सचा मोबाईल प्लॅन टीव्हीवर चालत नाही आणि फोर-के फक्त सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये येतं, त्याला १५ एमबीपीएस स्पीड पण लागतो. एचडीआरचं (उजळ आणि गडद भाग जास्त खुलवणारा सिग्नल) पण तसंच, स्वस्त टीव्ही तो सिग्नल घेतो खरा पण तेवढी चमक दाखवायची ताकद पॅनेलमध्ये नसते. ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणं) पुरेसं आहे, गेमिंग कन्सोल जोडायचा असेल तरच १२० चा विचार करा.

पायरी ५ : रात्रीच्या गोष्टी

या बारीक गोष्टी कुठल्याच जाहिरातीत नसतात पण रोज त्यांच्याशीच गाठ असते.

ब्राइटनेस किती वर जातो हे सगळे सांगतात, तुम्ही किती खाली येतो ते बघा. काही टीव्ही बॅकलाइट शून्यावर केला तरी अंधारात डोळ्यांत खुपतात. काहींमध्ये कमी ब्राइटनेसला बॅकलाइट भराभर चालू-बंद होऊन लुकलुकतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही पण काही लोकांचं डोकं दुखतं. ब्राइटनेस कमी करून मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, पट्टे किंवा उघडझाप दिसली तर समजा आहे. मायग्रेनवाल्यांनी हे नक्की तपासावं.

ब्लूटूथ असलाच पाहिजे, आणि हेडफोन जोडता येतात का ते नीट विचारा कारण एखाद्या टीव्हीत ब्लूटूथ फक्त रिमोटसाठी असतं. एकाला सकाळी लवकर उठायचंय आणि दुसऱ्याला मॅच बघायचीय, या भांडणावर हेडफोन हाच उपाय. आवाज आणि ओठ जुळत नसतील तर सेटिंगमध्ये ऑडिओ डिले असतो, त्याने जुळवता येतं. वायरच्या हेडफोनचं भोक बऱ्याच नवीन टीव्हीतून गायब झालंय, ते हवं असेल तर मागची बाजू बघूनच घ्या. स्पीकर २० वॉटचे असतात बहुतेक, छोट्या खोलीत पुरतात, साउंडबारवर उगाच खर्च नको. उलट बारीक आवाजात संवाद स्पष्ट ऐकू येतात का ते महत्त्वाचं, दुकानात आवाज ८-१० वर आणून मराठी बातम्या लावून बघा.

स्लीप टायमर सगळ्यात असतो, पण तो रिमोटवरून पटकन लागतो का मेनूत सात पायऱ्या खाली आहे हे बघा. स्टँडबायचा लाल दिवा बंद करता येतो का ते पण विचारा.

पायरी ६ : स्मार्ट म्हणजे किती स्मार्ट

स्मार्ट टीव्ही चालवणारी सिस्टीम कंपनीप्रमाणे वेगळी असते. सोनी, टीसीएल, शाओमी वगैरेंमध्ये गूगल टीव्ही मिळतं, सॅमसंगचं टायझन, एलजीचं वेबओएस, काहींमध्ये फायर टीव्ही. आईबाबांसाठी घेताय तर टायझन आणि वेबओएस बरे वाटतात, मेनू कमी आणि अडखळत कमी. गूगल टीव्ही घेतला तर ॲप भरपूर, पण रॅम २ जीबीच्या खाली घेऊ नका, १ जीबीवाला सुरुवातीला ठीक चालतो आणि दोनचार अपडेटनंतर रिमोट दाबला की विचार करत बसतो. ज्या ॲपवर तुमच्या सिरीज आहेत ती तिथल्या तिथे स्टोअरमध्ये शोधून बघा. आणि टीव्ही पुढे स्लो झाला तर स्ट्रीमिंग स्टिक लावून काम भागतं, पॅनेल मात्र बदलता येत नाही, त्यामुळे पैसे कमी असतील तर ते पॅनेलवर घाला.

राउटर हॉलमध्ये असतो आणि मध्ये दोन भिंती. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान पण भिंतीतून कमी जातं, २.४ लांब जातं पण हळू आणि गर्दीचं. टीव्ही घ्यायच्या आधी मोबाईल घेऊन टीव्हीच्या जागेवर उभे राहा, बेडरूमचं दार बंद करा आणि स्पीड टेस्ट करा.

एचडीएमआय किमान तीन हवेत, त्यातलं एक एआरसीवालं (टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवणारं). सेटटॉप बॉक्सला एक, स्टिकला एक, एक पुढच्यासाठी. भिंतीला चिकटवणार असाल तर ही भोकं मागे सरळ आहेत का बाजूला ते बघा, सरळ असतील तर वायर दाबली जाते.

पायरी ७ : पैसे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ३२ वर आधीपासून १८ च होता. म्हणजे ३२ आणि ४३ यांच्यातली कराची भिंत गेली, म्हणून अंतर परवानगी देत असेल तर ४३ कडे जाणं आता जास्त सोपं आहे.

दसरा-दिवाळी, १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला ऑफर असतात. सेलसाठी म्हणून वेगळ्या नंबरची मॉडेलं पण येतात, म्हणून पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, शेवटच्या दोन अक्षरांसकट, आणि तोच नंबर बॉक्सवर आणि बिलावर आहे का बघा. वॉरंटी साधारण एक वर्षाची असते, काही दोन-तीन देतात, पॅनेलला किती आहे ते वेगळं विचारा. स्क्रीन फुटली तर ती वॉरंटीत बसत नाही. आणि तालुक्याच्या ठिकाणी राहत असाल तर स्वस्त मॉडेलपेक्षा जवळ सर्व्हिस सेंटर असलेलं मॉडेल घ्या, हे मी अगदी आग्रहाने सांगतो, कारण पॅनेल दुरुस्तीला टीव्ही लांबच्या शहरात न्यायचा म्हणजे खर्च आणि हाल दोन्ही.

विजेची फार चिंता नको. १०० वॉटचा टीव्ही रोज तीन तास चालला तर महिन्याला ९ युनिट, आणि रात्री कमी ब्राइटनेसला त्याहून कमीच.

पायरी ८ : घरी आल्यावर

ऑनलाइन मागवला असेल तर बॉक्स स्वतः फोडू नका, इंस्टॉलेशनवाल्यासमोर फोडा आणि सगळा व्हिडिओ काढा. त्याच रात्री खोली पूर्ण अंधारी करून यूट्यूबवर काळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या, निळ्या कोऱ्या स्क्रीनचा व्हिडिओ लावा. काळ्यावर कोपऱ्यातून उजेड फुटतोय का, पांढऱ्यावर मेलेला ठिपका किंवा डाग आहे का ते बघा. रिप्लेसमेंटची मुदत थोड्या दिवसांचीच असते, त्यामुळे उद्या बघू नको.

मग सेटिंग. मोड मूव्ही किंवा फिल्ममेकर, कलर टोन वॉर्म, बॅकलाइट डोळ्याला बरं वाटेल इतका कमी, मोशन स्मूदिंग (हालचाल उगाच गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद. पहिल्या दिवशी पिवळट वाटेल, दोनतीन दिवसांनी जुना मोड लावून बघा, निळाभडक दिसेल. मागे भिंतीवर मंद वॉर्म लाइट लावला तर डोळ्यांना अजून आराम.

प्लगला चांगला स्पाइक गार्ड लावा, गावाकडे व्होल्टेज फार वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर. आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस, विजा सुरू झाल्या की टीव्ही रिमोटने बंद करून भागत नाही, प्लगची पिन आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवा. वीज बऱ्याच वेळा डिशच्या वायरमधून सेटटॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत येते, आणि मग बोर्ड जातो तो वॉरंटीतही मिळत नाही.